प्रबंधावर उचलेगिरीचा आरोप झाला असता प्रचार सांभाळणाऱ्यांनी काय करावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूर महानगरपालिकेच्या निवडणुकीत पार्षदपदासाठी उभ्या असलेल्या ज्या प्राध्यापक ताईंचा प्रचार आपण सांभाळत आहात, त्यांच्या पीएच.डी.च्या प्रबंधातील काही पानांची छायाचित्रे, लाल रेघा मारून, वॉर्डातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागली आहेत. प्रबंधाचा विषय शहराच्या पाणीपुरवठ्याचे प्रशासन हा आहे आणि प्रतिपक्षाच्या मंडळींनी उघडपणे उचलेगिरीचा, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर श्रेय न देता वापरल्याचा, आरोप केला आहे. "हे सर्व धादांत खोटे आहे" असे पत्रक आज रात्रीच काढावे, असा कार्यकर्त्यांचा आग्रह आहे, आणि ते काढावे की नाही हे आपण विचारले आहे.

माझे मत स्पष्ट आहे. संपूर्ण प्रबंध वाचून होईपर्यंत ते पत्रक काढू नये. इंदुरात अनेक निवडणुकांचे प्रचारसाहित्य मी लिहिले आहे आणि त्या अनुभवावरून सांगतो की, "सर्व खोटे" हे दोन शब्द प्रचारात सर्वांत महाग पडतात. विरोधकांनी आज चार पाने दाखवली आहेत. आपण सरसकट खंडन केले की ताईंनी प्रबंधाच्या प्रत्येक पानाची हमी दिली असा त्याचा अर्थ होतो, आणि मग उरलेल्या दोन-अडीचशे पानांतील एकच परिच्छेद दुसऱ्या पुस्तकात शब्दशः सापडला तरी चर्चेचा विषय पंधरा वर्षांपूर्वीचा प्रबंध राहत नाही. ताई आज मतदारांशी खोटे बोलल्या, हा विषय होतो. जुन्या चुकीचे स्पष्टीकरण देता येते, पण ऐन प्रचारात केलेल्या खोट्या विधानाला कोणतेही स्पष्टीकरण पुरत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जर्मनीचे आहे. तेथील तरुण आणि अत्यंत लोकप्रिय संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांच्या बायरॉयट विद्यापीठातील कायद्याच्या प्रबंधावर फेब्रुवारी 2011 मध्ये आरोप झाला, तेव्हा त्यांनी तो निरर्थक म्हणून झटकून टाकला. दोनच दिवसांनी, चौकशी होईपर्यंत आपण पदवी लावणार नाही, असे त्यांनी मोजक्या पत्रकारांना बोलावून सांगितले. त्याच वेळी अधिकृत पत्रपरिषदेत बसलेले बाकीचे पत्रकार संतापून उठून गेले. आणखी तीन दिवसांनी त्यांनी पदवी कायमची सोडत असल्याचे जाहीर केले. दरम्यान इंटरनेटवर अनोळखी वाचकांनी एकत्र येऊन प्रबंधाचे पान न् पान तपासले होते आणि प्रस्तावनेची सुरुवातच एका वर्तमानपत्रातील जुन्या लेखातून घेतलेली असल्याचे सर्वांसमोर आले होते. 23 फेब्रुवारीला विद्यापीठाने पदवी काढून घेतली आणि 1 मार्चला त्यांनी राजीनामा दिला. या दोन आठवड्यांतील प्रत्येक निवेदन आधीच्या निवेदनापेक्षा एक पायरी खाली उतरत गेले, आणि प्रत्येक पायरीवर लोकांना असेच दिसले की हा मनुष्य पकडला जाईल तेवढेच कबूल करतो. आपण पहिल्या दिवशी जे बोलाल ते शेवटच्या दिवशीही बदलावे लागू नये, एवढी एकच कसोटी पहिल्या निवेदनाला लावा.

म्हणून आज रात्रीचे काम वाचनाचे आहे. प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा संग्रहात असेल तर तेथून घ्या, नसेल तर ताईंकडची बांधीव प्रत घ्या, आणि ताईंच्या विषयाची जाण असलेले पण प्रचारात नसलेले दोन अध्यापक वाचनाला बसवा. ताईंनी स्वतः हे वाचन करू नये, कारण स्वतःच्या वाक्यांविषयी पंधरा वर्षांनी कोणाचीच स्मृती विश्वासार्ह राहत नाही. वाचताना प्रत्येक आक्षेपार्ह परिच्छेदापुढे तो कोठून आला, तेथे तळटीप आहे का, अवतरणचिन्हे आहेत का, आणि तो प्रबंधाच्या कोणत्या भागात आहे, हे लिहून काढावे. या शेवटच्या मुद्द्याला सर्वाधिक महत्त्व आहे. शहराला पाणी पुरवणाऱ्या यशवंतसागर जलाशयाचा आणि नर्मदा योजनेचा इतिहास सांगणाऱ्या पार्श्वभूमीच्या प्रकरणात सरकारी अहवालातील वाक्ये तळटीप देऊन पण अवतरणचिन्हांशिवाय आली असतील, तर तो निष्काळजीपणा आहे आणि तो तसाच मान्य करता येतो. ताईंनी घरोघरी जाऊन केलेले सर्वेक्षण, त्यातील कोष्टके आणि त्यांवरून काढलेले निष्कर्ष दुसऱ्याच्या प्रबंधातून आले असतील, तर मात्र प्रकरण अगदी वेगळे आहे. त्याकडे मी शेवटी येतो.

तारखाही तपासा. प्रबंध आधीचा आणि इंटरनेटवरचा लेख नंतरचा असेल, तर उचल ताईंनी केलेली नसून त्यांच्या प्रबंधातून झालेली असू शकते. किंवा तो लेख ताईंनीच प्रबंधावरून लिहिलेला असू शकतो. साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी कोण आणि नंतर कोण हे ठरवता येत नाही, आणि संदर्भसूची किंवा कायद्याची कलमे वगळली नसतील तर त्याचा आकडा उगाच फुगतो. विरोधक जो टक्का सांगत आहेत तो कोणत्या सॉफ्टवेअरने, काय वगळून काढला आहे, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. मात्र आपल्या वाचनाचा निकाल हाती येण्यापूर्वी तो प्रश्न जाहीरपणे विचारू नका.

पुढचे पाऊल विद्यापीठाचे आहे, आणि ते ताईंनी स्वतः उचलावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार अशा तक्रारीची चौकशी आधी विभागीय समिती आणि मग संस्थास्तरीय समिती करते, आणि प्रत्येकीला अहवालासाठी 45 दिवसांची मुदत असते. विद्यार्थ्याच्या सादर झालेल्या प्रबंधात 10 टक्क्यांपर्यंतच्या किरकोळ साम्याला शिक्षा नाही. 10 ते 40 टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते, 40 ते 60 टक्क्यांना सुधारित प्रत देण्यास एक वर्ष मनाई आणि त्यापुढे नोंदणी रद्द, असे टप्पे आहेत. पदवी मिळाल्यानंतर चौर्य सिद्ध झाल्यास ती पदवी समितीने सुचवलेल्या काळापुरती स्थगित ठेवण्याची तरतूद आहे. याचा प्रचाराच्या दृष्टीने अर्थ नीट ध्यानात घ्या. नाव मागे घेण्याच्या तारखेपासून मतदानापर्यंत आपल्या हाती साधारण दोन आठवडे असतात, म्हणजे विद्यापीठाचा निर्णय मतदानापूर्वी येणारच नाही. "विद्यापीठाने निर्दोष ठरवले" असे आपल्याला म्हणता येणार नाही आणि "विद्यापीठाने दोषी ठरवले" असे विरोधकांनाही म्हणता येणार नाही. या अधांतरी काळात मतदारापुढे ताईंचे वर्तन एवढाच पुरावा राहतो, आणि कुलगुरूंकडे स्वतःहून दिलेला चौकशीचा अर्ज हे त्या वर्तनातील सर्वांत भक्कम कृत्य आहे. जर्मनीतच तेव्हाच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायेन यांच्यावर 2015 मध्ये असा आरोप झाला, तेव्हा चौकशीची मागणी त्यांनी स्वतः केली होती. 2016 मध्ये हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठाने चुका असल्याचे सांगितले, पण फसवणुकीचा हेतू नसल्याचे ठरवून पदवी कायम ठेवली.

प्रबंधात निष्काळजीपणा आढळला, पण मूळ काम ताईंचेच आहे असे दिसले, तर निवेदन साधारण असे असावे: "माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात काही परिच्छेद मूळ अहवालांतून जसेच्या तसे आले आहेत आणि तेथे अवतरणचिन्हे दिलेली नाहीत. ही चूक माझी आहे. सर्वेक्षण आणि निष्कर्ष माझे आहेत. संपूर्ण प्रबंधाची तपासणी करावी, असा अर्ज मी आज विद्यापीठाला दिला आहे आणि त्यांचा निर्णय मला मान्य असेल." हे निवेदन ताईंच्याच सहीने, मराठीत आणि हिंदीत एकाच वेळी जावे. दोन्ही मजकूर तंतोतंत जुळले पाहिजेत, कारण मराठीत नम्र आणि हिंदीत आक्रमक बोललात तर राजेंद्रनगरातला मतदार दोन्ही वाचतो. "जर कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर" यासारखी वाक्ये त्यात नकोत. प्रश्न भावनांचा नाही, दुसऱ्याच्या श्रमाचा आहे, आणि ज्यांचा मजकूर आला आहे त्यांचा नामोल्लेख करून ते ऋण मान्य करावे.

आता आपल्याच माणसांकडून येणाऱ्या सूचनांविषयी. कोणीतरी निश्चित म्हणेल की टंकलेखकाची चूक होती, किंवा मार्गदर्शकांनी तसे करायला सांगितले, किंवा एखाद्या विद्यार्थ्याने ते प्रकरण लिहून दिले होते. ही वाट कोठे जाते ते अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात 2010 मध्ये दिसले. राज्यपालपदाचे इच्छुक उमेदवार स्कॉट मॅकिनिस यांना पाण्याच्या प्रश्नावरील लेखमालेसाठी एका प्रतिष्ठानाने तीन लाख डॉलर दिले होते, आणि त्या लेखांतील मजकूर एका कायदेतज्ज्ञाच्या जुन्या निबंधातून घेतलेला निघाला. मॅकिनिस यांनी आपल्या वयोवृद्ध संशोधन साहाय्यकावर दोष ढकलला. प्रचारयंत्रणेने त्या गृहस्थांकडे सहीसाठी कबुलीपत्रही पाठवले. त्यांनी सही करण्यास नकार दिला आणि ती हकिकत दूरचित्रवाणीवर सांगितली. मॅकिनिस यांनी पैसे परत करण्याचे मान्य केले, तरी पक्षांतर्गत निवडणूक ते हरले. मला यात निवडणुकीच्या हिशेबापेक्षाही अधिक खटकते ते हे की, ज्याचा आवाज सर्वांत लहान त्याच्याच माथी दोष मारण्याचा तो प्रयत्न होता. ताईंच्या हाताखालचा कोणताही विद्यार्थी या प्रकरणात ओढला जाणार नाही, हे आपण आजच ठरवून टाकावे. आजारपण आणि घरगुती अडचणींचे कारणही पुढे करू नये. 2014 मध्ये अमेरिकेतीलच मॉन्टाना राज्याचे सिनेटर जॉन वॉल्श यांनी लष्करी महाविद्यालयातील आपल्या चौदा पानी निबंधाच्या संदर्भात युद्धानंतरच्या मानसिक आघाताचा उल्लेख केला. साधारण दोन आठवड्यांतच त्यांना उमेदवारी सोडावी लागली.

दुसरी सूचना येईल ती पाने कोणी फोडली याचा शोध घेण्याची. त्यात एक तासही घालवू नका. 1987 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत जो बायडन यांनी एका ब्रिटिश नेत्याच्या भाषणाची केलेली उचल वृत्तपत्रांपर्यंत पोहोचवणारा माणूस त्यांचे प्रतिस्पर्धी मायकेल डुकाकिस यांचा प्रचारप्रमुखच होता. त्यालाही पद सोडावे लागले, पण बायडन त्याच्या आठवडाभर आधीच शर्यतीतून बाहेर पडले होते, कारण मजकूर खरा होता आणि पाठोपाठ त्यांच्या कायद्याच्या शिक्षणातील जुने प्रकरणही वर आले होते.

तिसरी सूचना मला विशेष चिंतेची वाटते. मराठी उमेदवार असल्यामुळेच हे चालले आहे, असा सूर आपल्या काही गटांत आताच उमटत असेल. कृपा करून तो तेथेच थांबवा. इंदुरात मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या शाळा, ग्रंथालये आणि विद्यापीठाचे वर्ग चालवून जो विश्वास मिळवला आहे, तो विद्येच्या बाबतीतील चोखपणावर उभा आहे. अवतरणचिन्हांच्या प्रश्नाला समाजाच्या अस्मितेची ढाल लावली, तर त्या विश्वासाची किंमत ताईंच्या नंतर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मराठी उमेदवाराला मोजावी लागेल.

उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्राविषयी वकिलांशी आजच बोलून घ्या. मणिपूरच्या एका आमदाराची निवड सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये रद्द ठरवली, कारण त्यांनी म्हैसूर विद्यापीठाची एमबीए पदवी शपथपत्रात लिहिली होती आणि ती त्यांच्याकडे नव्हतीच. लेखनिकाची चूक हा बचाव न्यायालयाने मानला नाही. ताईंची स्थिती तशी नाही. विद्यापीठ पदवीला स्थगिती देत नाही तोपर्यंत ती पदवी त्यांच्याकडे आहे आणि ती शपथपत्रात लिहिणे खोटे ठरत नाही. मात्र महापालिकेच्या निवडणुका राज्य निर्वाचन आयोगाच्या नियमांनी होतात, त्यामुळे विधानसभेच्या निकालांवर विसंबून न राहता ते नियम समोर ठेवूनच वकिलांचे मत घ्यावे.

फलकांवरचे "डॉ." हे अक्षर उतरवावे का, असेही आपण विचारले आहे. मी उतरवीन. जर्मनीच्या तेव्हाच्या केंद्रीय मंत्री, बर्लिनच्या फ्रान्झिस्का गिफाय यांनी 2020 मध्ये पदवी लावणे थांबवले, पदवी गेल्यास मंत्रिपद सोडण्याचे आधी दिलेले वचन पाळून मे 2021 मध्ये राजीनामा दिला, आणि पदवी रद्द झाल्यानंतरही त्याच वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली पक्ष बर्लिनची निवडणूक जिंकून त्या महापौर झाल्या. ताईंचा प्रचार पदवीवर उभा असेल तर तो आता कोसळेल. वॉर्डातील नळ, ड्रेनेज आणि कचरागाड्यांसाठी त्यांनी केलेल्या कामावर उभा असेल तर तो चालू राहील. जनसंपर्काला जाणाऱ्या कार्यकर्त्यांना एवढेच सांगा की, दारात हा विषय निघाला तर ताईंचे निवेदन हातात द्यावे, वाद घालू नये आणि स्वतःच्या मनाचे एकही स्पष्टीकरण जोडू नये.

राहिली ती सर्वांत वाईट शक्यता. उद्या सकाळी वाचणाऱ्या अध्यापकांनी सांगितले की सर्वेक्षण आणि निष्कर्षच दुसऱ्याचे आहेत, तर वर सुचवलेले निवेदन देऊ नका, कारण ते असत्य ठरेल. त्या परिस्थितीत ताईंनी नाव मागे घेण्याची मुदत संपण्यापूर्वी उमेदवारी मागे घ्यावी आणि त्याचे खरे कारण त्याच दिवशी स्वतः सांगावे. मुदत संपलेली असेल तर नाव मतपत्रिकेवर राहील, परंतु प्रचार थांबवता येतो, तसे जाहीर करता येते, आणि आपल्यासोबत राबलेल्या कार्यकर्त्यांना वर्तमानपत्राच्या आधी ताईंच्या तोंडून ते कळेल अशी बैठक घेता येते. ती बैठक कितीही अवघड वाटली तरी आपण ताईंच्या शेजारी बसून ती पार पाडावी, असा माझा आग्रह आहे.