मी चर्चच्या बाहेर गेले का?

ताई, मी वसईची, कॅथलिक, वय 36. मोठी मुलगी नऊ वर्षांची. चार वर्षांपूर्वी पुन्हा दिवस राहिले. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत दिसलं, की बाळाची कवटी आणि मेंदू तयारच झालेला नाही. डॉक्टर म्हणाले, जन्मलं तरी फार तर काही तास जगेल. आम्ही गर्भपात करून घेतला. मिस्टर प्रोटेस्टंट, अहिल्यानगरकडचे. ते म्हणतात, 'आमच्यात हे पाप-बिप काही नसतं, तू उगाच मनाला लावून घेतेस.' आई म्हणते, 'पोर पाडलंस, तेव्हाच तू चर्चबाहेर गेलीस. आता मिस्सेत कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायचं नाही. आणि बाप्तिस्मा न झालेलं ते बाळ लिंबोत, स्वर्गाच्या वेशीबाहेर, अडकलंय.' असा काही नियम असतो हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. तेव्हापासून मिस्साला जाते, पण कम्युनियनच्या रांगेत उभी राहत नाही. बाकावर पाय तिरके करून इतरांना वाट देते. येत्या मे महिन्यात मुलीची पहिली कम्युनियन आहे. ती विचारते, 'मम्मी, तू माझ्यासोबत घेणार ना?' मी पापी आहे का? देवानं शिक्षा केली का? आणखी एक मूल हवंसं वाटतं, पण धीर होत नाही. कुमसारला, पापकबुलीला, जावं म्हटलं, तर आमचे फादर अख्ख्या आळीला ओळखतात.
– एक आई

चार वर्षं तू दोन माणसांचं ऐकते आहेस, आणि दोघांचंही अर्धवट आहे. आधी आईचं घेऊ, कारण तू तिच्याच शब्दावर बाकावर बसून राहिली आहेस.

गर्भपात करणाऱ्याला आपोआप बहिष्काराची शिक्षा लागते, असं कॅथलिक चर्चच्या कायद्यात खरंच लिहिलेलं आहे. तेवढं आई बरोबर सांगते. पण त्याच कायद्यात पुढे हेही आहे, की अशी शिक्षा असते हे जिला तिचा काही दोष नसताना माहीतच नव्हतं, किंवा जी मोठ्या भीतीच्या दडपणाखाली होती, तिला ही आपोआपची शिक्षा लागू होत नाही. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा वाचलं: 'असा काही नियम असतो हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं.' तुझ्यावर बहिष्कार लागलाच नसण्याची शक्यता मोठी आहे. निवाडा देण्याचा अधिकार मला नाही, तसा तो तुझ्या आईलाही नाही. तो धर्मगुरूचा. आणि नोव्हेंबर 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी गर्भपाताच्या पापातून मुक्त करण्याचा अधिकार जगातल्या सगळ्या धर्मगुरूंना दिला. त्याआधी बऱ्याच ठिकाणी त्यासाठी बिशपांची परवानगी लागायची. आईच्या डोक्यात तो जुना काळ असावा.

लिंबोचंही तसंच. आपल्या आज्यांनी ती भीती मनापासून बाळगली, पण लिंबो हा चर्चचा पक्का सिद्धांत कधीच नव्हता. 2007 साली व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगानं पोप बेनेडिक्ट यांच्या संमतीनं एक दस्तऐवज काढला. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांचं तारण होईल अशी आशा धरायला सबळ कारणं आहेत, असं त्यात म्हटलं आहे. आशा म्हटलंय, खात्री म्हटलेली नाही. पण अडकून पडलंय असं तर कुठेच म्हटलेलं नाही.

आता मिस्टर. 'आमच्यात पाप नसतं' हे त्यांनी तुझ्या मायेपोटी म्हटलं असेल, पण तसं नाही. बायबलमधल्या निर्गमाच्या 21 व्या अध्यायात भांडणाऱ्या पुरुषांचा धक्का लागून गर्भवती बाईचं मूल बाहेर पडतं, तो प्रसंग आहे. त्यावर लिहिताना प्रोटेस्टंट पंथाच्या आद्य धुरिणांपैकी एक असलेल्या कॅल्विननं गर्भाला माणूसच मानलंय आणि त्याला मारणं हे अत्यंत घोर कृत्य म्हटलंय. प्रोटेस्टंटांचा फरक इतकाच, की सर्वांना बांधील असा एक शब्द त्यांच्यात कुणी देत नाही. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी 1971 मध्ये ठराव केला, की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या मनाला किंवा शरीराला धोका, अशा वेळी कायद्यानं गर्भपाताला मुभा द्यावी. त्यांनीच 1980 मध्ये आईचा जीव वाचवण्यापुरती सवलत ठेवून बाकी सगळ्यावर बंदी मागितली. नऊ वर्षांत! तेव्हा 'आमच्यात' म्हणजे नेमकं कुणात, हे मिस्टरांना एकदा विचार.

यावरून कॅथलिक चर्चचंही काही ठरलेलं नाही असं समजू नकोस. ते फार जुनं आणि ठाम आहे. 'दिदाखे' नावाच्या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती लिखाणात गर्भपात करू नये अशी स्पष्ट आज्ञा आहे. गर्भात आत्मा कधी येतो यावर मात्र शतकानुशतकं वाद चालला. मध्ययुगातले मोठे कॅथलिक विचारवंत संत थॉमस अक्विनस ॲरिस्टॉटलला धरून म्हणत, की तो पहिल्या दिवसापासून नसतो, काही आठवड्यांनी येतो. शिक्षा कधी कडक झाली, कधी सैल. 1869 मध्ये पोप नववे पायस यांनी आत्मा आलेला गर्भ आणि न आलेला गर्भ हा भेद शिक्षेतून काढून टाकला. पण गर्भपात योग्य आहे असं या वादात अक्विनसही कधी म्हणाला नाही. आईच्या गर्भाशयाला कॅन्सर झाला आणि ते काढताना बाळ गेलं, तर चर्च त्याला गर्भपात मानत नाही, कारण हेतू आईवर उपचाराचा होता. तुझ्या बाबतीत तशी वाट नव्हती. बाळ जगणार नाही हे नक्की असलं तरी चर्चच्या मते ते संपवता येत नाही.

मला हे पटत नाही. मेंदूच नसलेलं बाळ आणखी चार महिने पोटात वाढव, वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकीच्या 'कितवा महिना?'ला हसून उत्तर दे, असं मी कुठल्याही बाईला सांगू शकणार नाही. भारतातला कायदाही तुझ्या बाजूनं होता. पण माझ्या मतानं तुझं मन निवणार असतं, तर तू मला लिहिण्याआधी मिस्टरांच्या मतानंच ते निवलं असतं. तुला तुझ्या चर्चकडून ऐकायचं आहे. मग तिथेच जा.

देवाच्या शिक्षेचं मात्र मनातून काढून टाक. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून येशूला विचारतात, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानंही नाही, आईबापांनीही नाही. तुझ्या प्रश्नाला यापेक्षा थेट उत्तर मला माहीत नाही.

बाळाच्या डोक्याचं जे झालं ते गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांतच घडतं, दिवस गेल्याचं कळायच्या सुमारास. म्हणूनच पुन्हा मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधी डॉक्टरांना भेट आणि मागचं सगळं सांग. एकदा असं झालेल्या बाईला फॉलिक ॲसिडची नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त मात्रा, साधारण 4 ते 5 मिलिग्रॅम रोज, निदान महिनाभर आधीपासून देतात. त्यानं धोका बराच कमी होतो. हे रोझरीच्या जागी नको, रोझरीसोबत चालेल.

कुमसारचं म्हणशील, तर पापकबुलीत ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, जीव गेला तरी. तरीही लाज वाटत असेल तर शेजारच्या पॅरिशमध्ये जा, नाहीतर सरळ लोकल पकडून वांद्र्याला जा. तिथे तुला कोण ओळखतंय? जाळीपलीकडच्या माणसाला भाषण द्यायचं नसतं. 'चार वर्षांपूर्वी मी गर्भपात केला, बाळाला मेंदू नव्हता, हा नियम मला माहीत नव्हता, तेव्हापासून कम्युनियन घेतलेलं नाही.' एवढं पुरे. पुढचं ते विचारतील. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1995 च्या पत्रात गर्भपात केलेल्या स्त्रियांना उद्देशून लिहिलं आहे. झालं ते फार चुकीचं होतं असं ते म्हणतातच, पण त्याच परिच्छेदात आशा सोडू नका, क्षमा तयार आहे, असंही म्हणतात. एखादे फादर पहिलंच वाक्य बोलून थांबले, तर दुसऱ्या फादरकडे जा.

आणखी एक. तू सगळं पत्र पापावर लिहिलंस, पण बाळाचं नाव काय ठेवणार होतात ते कुठे लिहिलं नाहीस. त्याच्यासाठी तू रडलीस का? मिस्टर रडले का? फादरांना विचारून त्याच्या नावानं एक मिस्सा ठेवता येईल. 2 नोव्हेंबरला घरातल्या बाकी माणसांसाठी मेणबत्ती लावता, तेव्हा एक त्याचीही लाव. आईला पटो न पटो.

मुलीला आत्ता एवढंच सांग, की हो, घेणार. बाकीचं ती मोठी झाल्यावर. आणि कुमसारला जाताना आईला सोबत नेऊ नकोस.