चार की पाच? एकदाच ठरवा

प्रश्न : मी ६० पत्त्यांचा एक खेळ तयार करतोय. पत्त्यांची ताकद १ ते ६, प्रत्येक ताकदीचे दहा पत्ते. काही पत्त्यांवर अटी आहेत. एक म्हणतो, 'समोरचा ३ किंवा जास्त ताकदीचा पत्ता बाद करा'. दुसऱ्यावर '५ किंवा जास्त' आहे, तिसऱ्यावर '४ पेक्षा जास्त'. टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगावरही अटी आहेत : कुठे ५ पत्ते हवेत, कुठे ६, कुठे ८. प्रत्येक आकडा खेळून पाहूनच ठरवलाय. मित्र म्हणतो, सगळे सारखे कर. मग खेळ सपक नाही का होणार?

उत्तर : मित्राचं ऐका. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पत्त्यावर एकच अट आहे, हे तुमच्या लक्षात आलं का? अपूर्णांक नसतील तर '४ पेक्षा जास्त' म्हणजे '५ किंवा जास्त'च. तुम्ही स्वतः फसलात, तर पहिल्यांदा खेळणाऱ्याचं काय होईल?

हे मी वरून बोलत नाहीये. माझ्या पहिल्या खेळात ढिगाच्या अटी ४, ५ आणि ७ अशा होत्या. भाची खेळायला बसली आणि दर डावाला हातातले पत्ते एकेक करून पुन्हा वाचू लागली. चाल काय करायची याचा विचार राहिला बाजूला, ती नुसती मोजत होती. मी शेवटी तिन्ही ठिकाणी ५ लिहिलं. त्यानंतर ढिगात पाचवा पत्ता पडला की ती खुर्चीतच सरसावून बसायची.

'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाच्या २००१ च्या 'ओडिसी' संचात 'थ्रेशोल्ड' ही अट आली : तुमच्या ढिगात ७ किंवा जास्त पत्ते. ती ज्या ज्या पत्त्यावर आहे तिथे सातच, कमी-जास्त नाही. त्या खेळात सुरुवातीला हातात सातच पत्ते येतात, त्यामुळे आकडा मुळातच ओळखीचा. शिवाय एका पत्त्यासाठी ढीग वाढवला की तशा सगळ्याच पत्त्यांना बळ येतं. तुमचे ५, ६, ८ एकमेकांना अशी मदत करत नाहीत.

मग समतोल कसा साधायचा? आकडा हलवू नका, बक्षीस हलवा. पत्ता भारी पडतोय? दोनऐवजी एकच पत्ता उचलू द्या. किंवा तो खेळण्याची किंमत वाढवा. सपकपणा येतो तो सगळी बक्षिसं सारखी असली की.

ताकदीसाठी मी ४ घेईन. तुमच्या कॅटमध्ये ४, ५, ६ मिळून ३० पत्ते होतात, बरोबर निम्मे. ५ घेतलंत तर २० उरतात, आणि समोर लक्ष्यच नसल्यामुळे पत्ता हातात कुजत पडतो. छोट्या पत्त्यांवरची अट मग आपोआप ३ वर येते. शब्दही ठरवून टाका : 'निदान ४' आणि 'फार तर ३'. 'पेक्षा' हा शब्द पत्त्यांवरून हद्दपारच करा. घाईत तो अर्धाच वाचला जातो.

ताकदीचा आकडा ४ म्हणून ढिगाचाही ४ हवा, असं मात्र नाही. मोजायची गोष्ट वेगळी, तर आकडा वेगळा चालतो. एकाच गोष्टीला दोन पायऱ्या द्यायच्याच असतील तर त्या लांब ठेवा आणि पत्त्यावर ठळक छापा. मॅजिकमध्येच २०२३ साली 'डिसेंड ४' आणि 'डिसेंड ८' या ढिगाच्या अटी आल्या : आकडा नावातच, आणि दुसरा पहिल्याच्या दुप्पट. कॅनास्टा या रमीसारख्या खेळात पहिल्यांदा पत्ते मांडायला तोवरच्या गुणसंख्येप्रमाणे ५०, ९० किंवा १२० गुण लागतात, आणि चांगले मुरलेले खेळाडूही 'आत्ता आपल्याला किती लागतात?' असं विचारताना मी ऐकलंय. तिथे निदान एकच तक्ता आहे, पत्त्यागणिक वेगळा नियम नाही.

तुमच्या ढिगासाठी ६ घ्या. तुमच्या ८ वाल्या पत्त्यावर तुमचा जीव असणार, असं वाटतं. त्यालाही ६ लावा, बक्षीस अर्धं करा आणि दहा डाव खेळा. तरी तो प्रत्येक डाव एकहाती जिंकून देत असेल, तर त्याला कॅटमधून काढा.