गरम गुरू ताऱ्याला छेडतो का? आधी दोन घड्याळं जुळवून बघ

तुझा मेसेज वाचला. ग्रहामुळे तारा चवताळतो का हा विषय प्रोजेक्टला घेतेयस ते भारीच, फक्त ग्राफमध्ये दोन उंचवटे दिसले की लगेच "ग्रहाचाच प्रताप" असं लिहून मोकळी होऊ नकोस, इथे भलेभले अडकलेत.

ताऱ्याला अगदी चिकटून फिरणारा गुरूसारखा मोठा ग्रह म्हणजे "गरम गुरू". त्यातला ५१ पेगासी बी हा ग्रह १९९५ ला सापडला, गुरूच्या साधारण निम्म्या वस्तुमानाचा आणि सव्वाचार दिवसांत ताऱ्याभोवती एक फेरी. एवढं धूड एवढ्या जवळ म्हटल्यावर ताऱ्याला काहीतरी जाणवणारच ना? त्याचे दोन मार्ग सांगतात. एक भरती-ओहोटीचा, त्यात ताऱ्यावर दोन फुगवटे येतात, एक ग्रहाच्या बाजूला, एक उलट बाजूला, म्हणून परिणाम एका फेरीत दोनदा दिसायला हवा. दुसरा चुंबकीय, म्हणजे ग्रह ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्रात इतका आत फिरतो की त्याने केलेली खळबळ ताऱ्याच्या वाऱ्याला (ताऱ्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या कणांना) न जुमानता मागे पृष्ठभागापर्यंत पोचते, आणि हे फेरीत एकदाच. आपल्याकडचा आयो, गुरूचा चंद्र, गुरूच्या ध्रुवीय प्रकाशात असाच ठिपका उमटवतो, तो दुर्बिणीतून दिसलाय, त्यामुळे ही हवेतली कल्पना नाही.

सुरुवात एचडी १७९९४९ या ताऱ्यापासून कर. ग्रहाची फेरी ३.०९ दिवसांची, तारा मात्र स्वतःभोवती ७ दिवसांच्या आसपास फिरतो, म्हणजे दोन घड्याळं सरळ वेगळी. शकोल्निक आणि सहकाऱ्यांनी २००३ च्या सुमारास ताऱ्याच्या वर्णपटातल्या कॅल्शियमच्या एच आणि के रेषा (तारा किती चवताळलाय ते यांच्या चमकेवरून कळतं) बघितल्या तर त्यांची चमक ग्रहाच्या घड्याळावर चालत होती, फेरीत एकदा, आणि तो उजळ भाग ग्रहाच्या बरोब्बर खाली नव्हता तर पुढे सरकलेला होता. मग पुढच्या काही निरीक्षणांत तोच सिग्नल गायब! काही सीझन ग्रहाच्या घड्याळावर, काही सीझन ताऱ्याच्या. मला हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं तर सिग्नल पण चालू-बंद होणार हे पटण्यासारखं आहे, पण "कधी दिसतं कधी नाही" हे वाक्य कुठल्याही चुकीच्या दाव्याला पण चिकटवता येतं, तेव्हा जरा जपून.

टाऊ बूटिस या ताऱ्याला पहिल्यांदा हात लावू नकोस. तिथे तारा आणि ग्रह दोघांचं चक्र ३.३ दिवसांच्या आसपास, मग डाग ताऱ्याचा की करामत ग्रहाची, कसं ठरवणार?

शंभर तारे गोळा करून सरासरी काढायचा मोह पण होईल. २००८ मध्ये तसं केलं होतं, जवळ मोठा ग्रह असलेले तारे एक्स-रेमध्ये जास्त तळपतात असं निघालं, आणि दोन वर्षांत दुसऱ्या गटाने दाखवलं की यात निवडीचाच घोळ आहे, कारण दंगेखोर ताऱ्याभोवतीचा छोटा किंवा लांबचा ग्रह त्याच्याच गोंगाटात सापडत नाही, सापडतो तो जवळचा आणि वजनदार. बरं, वास्प-१८ हा तारा तर उलटंच वागतो, गुरूच्या दहापट ग्रह एका दिवसाच्या आत फेरी मारतोय, तारा तसा तरुण, आणि चंद्रा या एक्स-रे अवकाश दुर्बिणीला त्याचे एक्स-रे दिसलेच नाहीत.

सध्याची सगळ्यात दमदार केस एचआयपी ६७५२२ हा तारा, वय जेमतेम १ कोटी ७० लाख वर्षं, ग्रहाची फेरी ७ दिवसांच्या जरा आत. टेस आणि केऑप्स या अवकाश दुर्बिणींच्या डेटात १५ फ्लेअर (ताऱ्यावरचे अचानक भडके) सापडले आणि ते ग्रह समोरून जाण्याच्या सुमारास जमलेले, २०२५ ला नेचर या नियतकालिकात आलंय. टेसचा डेटा फुकट आहे, तो आजच उतरव, फ्लेअर स्वतः मोज, आधी ताऱ्याच्या फिरण्यावर घडी घालून बघ (म्हणजे प्रत्येक फेरीचा डेटा एकावर एक ठेवून), मग ग्रहाच्या. दोन्ही ग्राफ पाठव, मग फोनवर बोलू.