आंतरवासितेला निघालीस? सुरुवातीला एवढं बघ

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची १६ आठवड्यांची आंतरवासिता (शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव) म्हटली की पोटात गोळा येतोच. सगळं एकदम जमवायला जाऊ नकोस. मराठी अध्यापन पद्धती घेतली आहेस, तर आधी एवढं पुरे:

- पहिले काही दिवस मागच्या बाकावर बसून तिथल्या बाईंचे तास बघ. मुलांची नावं तेव्हाच पाठ कर.
- कविता आधी तू मोठ्याने वाच, मग मुलांना वाचू दे, अर्थ त्यानंतर. नवे बहुतेक जण शीर्षक फळ्यावर लिहून थेट भावार्थावर येतात. घंटा होते आणि एकाही मुलाच्या तोंडून ओळ आलेली नसते.
- "समजलं का?" विचारू नकोस, "हो बाईऽऽ" एवढंच येतं. नेमका प्रश्न विचार आणि थांब. ती शांतता जड जाते, पण लगेच स्वतःच उत्तर देऊ नकोस.

कुणी "मी गेल्तो" म्हणालं तर तिथेच टोकू नकोस. बोलणं पुरं होऊ दे, मग फळ्यावर "गेलो होतो" लिही.

पाठ टाचणात (तास कसा घ्यायचा त्याच्या लेखी आराखड्यात) एका तासाला एक-दोनच उद्दिष्टं ठेव. रंगीत तक्त्यांसाठी रात्री जागू नकोस (निरीक्षकांना आवडतात, ते सोड). संविधान तक्ता (चाचणीतल्या प्रश्नांचा आणि गुणांचा आराखडा), घटक चाचणी वगैरे पुढे बघू.