‘पैसे कशावर खर्च केले?’ हा प्रश्न शेवटी ठेव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली प्रश्नावली वाचली. सरकारी योजनांतून थेट खात्यात येणाऱ्या पैशानं घरात काय फरक पडतो हे बघायला तू बीडच्या गावांत जाते आहेस, याचं मला फार बरं वाटलं. माझं सगळं काम बचत गटांमुळं त्याच भागात झालं, तेव्हा थोडं हक्कानं लिहिते. तुझ्या कागदावर अगदी वरच ‘मिळालेले पैसे कशावर खर्च केले?’ असा प्रश्न आहे. तो काढू नकोस, पण शेवटी ने.

या प्रश्नाला बाई उत्तर देईल आणि ते चांगलंच असेल. पोरांच्या वह्या, सासूच्या गोळ्या. हातात फाइल घेऊन आलेल्या माणसाला काय ऐकायला आवडतं ते तिला बरोबर कळतं. शिवाय लाडकी बहीणचे दीड हजार, पीएम किसानचे चार महिन्यांनी येणारे दोन हजार, म्हाताऱ्या सासूचे श्रावणबाळ पेन्शनचे पैसे आणि तिची स्वतःची खुरपणीची मजुरी घरात आली की एकच होते. कुठली नोट कुठं गेली ते तिलाही सांगता यायचं नाही. त्यापेक्षा असं विचार, ‘हे पैसे यायच्या आधी नड लागली की कुणाच्या दारात जायचा?’ मग बघ कशी बोलायला लागते.

केज तालुक्यातल्या एका वस्तीवरची बाई माझ्या चांगल्या ओळखीची आहे. दोन एकर कोरडवाहू, नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जातात. वस्तीवर एकच किराणा दुकान आणि त्या दुकानदाराच्या वहीत हिच्या नावाचं पान. उधारीवर घेणाऱ्याला भाव विचारता येत नाही, मालाला नावं ठेवता येत नाहीत. तेल सुटं, साखर पावशेर, चहापत्तीची पाच-दहा रुपयांची पुडी. असं घेतलेलं सगळंच महाग पडतं. बाकी वाढली की ती स्वतः दुकानात जायची नाही, धाकट्या पोरीला पाठवायची. मोठ्या माणसाला दुकानदार चारचौघांत मागची बाकी विचारतो, पोरीला सहसा बोलत नाही, म्हणून. ऑगस्ट २०२४ मध्ये राखी पौर्णिमेच्या तोंडावर जुलै-ऑगस्टचे मिळून तीन हजार पहिल्यांदा आले. तिनं ते सगळे वहीत भरले. पुढच्या हप्त्यांतले थोडे वहीत, थोडे हातात. मग केजच्या आठवडी बाजारातून तेलाचा पाच लिटरचा कॅन आला. ‘आता पोरीला न्हाई धाडत दुकानात, मीच जाते,’ असं ती मला म्हणाली. तुझ्या प्रश्नावलीत हे लिहायला रकाना नाही. तो कर.

वर्षाचे अठरा हजार म्हणजे शहरातल्या माणसाला फार वाटत नाहीत. तिथल्या घराला त्यातून शेत घेता येत नाही, घर बांधता येत नाही, हे खरंच. पण गरिबाच्या घरात वर्षाची बेरीज जुळण्या-न जुळण्यापेक्षा जास्त छळतात ते मधले महिने. आषाढ-श्रावणात पेरणीला पैसा गेलेला, पीक रानात उभं, कारखाना बंद, मजुरी कधी आहे कधी नाही. याच दिवसांत ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे पुढच्या मजुरीचे आगाऊ पैसे, घेतली जाते. एकदम नाही, थोडी थोडी. दवाखान्याला पाच हजार, पाहुण्याच्या लग्नाला दोन हजार. दसरा-दिवाळीनंतर गाड्या भरतात तेव्हा कोयता, म्हणजे तोडणीला जाणारं जोडपं, त्या उचलीला बांधलेला असतो. उचल लाखाच्या घरात जाते, दीड हजारानं ती सुटत नाही, आणि तसं कुणी लिहिलं तर विश्वास ठेवू नकोस. मात्र मधली किरकोळ नड घरच्या घरी भागली तर उचलीचा आकडा तेवढ्यानं कमी राहतो. गावात विचारताना हे नेमकं विचार: यंदा मुकादमाकडं किती वेळा गेलात, गेल्या साली किती वेळा?

सोयाबीनचंही तेच. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि काढणीच्या वेळी बाजारात भाव त्याच्या बराच खाली. ज्याच्या मागं घेणेकरी लागलाय तो मळणी झाल्याबरोबर पोती गाडीत टाकतो. थांबायला घरात खर्चायला काहीतरी लागतं. एखाद्या घरानं दोन पोती जरी मागं ठेवली असतील तर का ठेवता आली ते खोदून विचार. भाव पुढं वाढलाच असेल असं नाही, पण कधी विकायचं हे त्यांनी ठरवलं की दुसऱ्यानं, हे महत्त्वाचं.

तुला गावात नाही तर तालुक्याच्या ठिकाणी चहा पिताना ऐकायला मिळेल की पैसा दारूत जातो, लोक आळशी होतात, मजूर मिळत नाही. त्याला चिडून उत्तर देऊ नकोस, माहितीनं दे. २०११ मध्ये मध्य प्रदेशात इंदूर जिल्ह्यात ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संस्थेनं युनिसेफच्या मदतीनं आठ गावांतल्या प्रत्येक माणसाला दरमहा रोख रक्कम दिली. मोठ्याला दोनशे, लहान मुलाला शंभर. पुढं ते तीनशे आणि दीडशे झाले. अट कसलीही नाही. शेजारची गावं तुलनेला ठेवली होती. दारूवरचा खर्च वाढला नाही. मुलांची, विशेषतः मुलींची वजनं सुधारली, जनावरं वाढली आणि लोक दुसऱ्याच्या मजुरीपेक्षा स्वतःच्या रानात जास्त राबायला लागले. मजूर मिळत नाही ही तक्रार कुणाची असते हे यावरून तुझ्या ध्यानात येईल.

पश्चिम केनियात सियाया भागात गिव्हडिरेक्टली नावाच्या संस्थेनं गवती छपराच्या घरांना मोबाइलवरून सुमारे हजार डॉलर दिले. अनेकांनी आधी छपरावर पत्रे घातले, कारण गवताचं छप्पर सारखं शाकारावं लागतं आणि त्यात दर वेळी पैसा जातो. संशोधकांनी शेकडो गावांचा हिशेब मांडला तेव्हा दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्या भागात सुमारे अडीच डॉलरची उलाढाल दिसली आणि महागाई जवळजवळ वाढली नाही. ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्या शेजाऱ्यांचीही कमाई वाढली. म्हणून फक्त लाभार्थ्यांच्या घरी जाऊ नकोस. शिलाई मशीनवाली, गिरणीवाला, शेळ्यांचा व्यापारी यांनाही भेट.

आता मला सगळ्यात जास्त तळमळ ज्याची आहे ते सांगते. या पैशाची ताकद तारखेत आहे. पैसे अमुक दिवशी येणारच असं बाईला ठाऊक असेल तर ती भिशीत नाव घालते, गटाचा हप्ता कबूल करते, शिलाई मशीन हप्त्यावर आणते. कधी दोन महिन्यांचे एकदम, कधी सणाच्या तोंडावर, कधी नुसतीच वाट, असं झालं की तीच रक्कम अर्धी होऊन जाते. मधल्या काळात ती पुन्हा दुकानदाराच्या वहीकडं वळते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत दीड हजाराचे एकवीसशे करू असं आश्वासन दिलं गेलं. द्यावेत, जरूर द्यावेत. पण मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, आधी तारीख पाळा. तुझ्या अहवालात एक वाक्य ठळक करायचं असेल तर हे कर.

आणि जिला पैसे आलेच नाहीत तिला शोध. याद्यांमध्ये ती दिसत नाही. एखादीचं आधार भलत्याच खात्याला जोडलेलं असतं. हप्ता त्या जुन्या खात्यात पडत राहतो आणि ही मात्र रोज दुसऱ्या बँकेत चकरा मारते. एखादीचा अंगठा उमटत नाही. ऊस सोलून, भांडी घासून बोटांच्या रेघाच गेलेल्या असतात. गावात बँकेचे पैसे देणाऱ्या बँक मित्राच्या यंत्रावर ती अंगठा पदराला पुसून पुन्हा पुन्हा ठेवते, मागं रांग वाढत असते, आणि शेवटी ‘उद्या या’ ऐकून मजुरी बुडवून परत जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीणसाठी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, सक्तीची झाली. त्यात नवऱ्याचं नाही तर वडिलांचं आधार मागितलं. विधवा बाईनं, टाकून दिलेल्या बाईनं, जिचे वडील वारलेत तिनं कुणाचं द्यायचं? मुदत वाढत वाढत डिसेंबरअखेरपर्यंत गेली, पण तोवर बीडच्या बाया कोल्हापूर-सांगलीकडं, कर्नाटकात उसाच्या फडात होत्या. फडात ओटीपी यायला फोन चार्ज कुठं करायचा, इथून सुरुवात. हे ज्यांनी ठरवलं त्यांना फडाचं वेळापत्रक माहीत नव्हतं. तुझ्या अहवालामुळं ते कळलं तर मोठं काम होईल.

पासबुक कुणाकडं असतं, एटीएम कार्डाचा पिन कुणाला ठाऊक, हे विचार, पण नवऱ्यासमोर विचारू नकोस. त्यासाठी तिच्याबरोबर हापशावर जा, रानात जा.

एका गोष्टीत मात्र सावध राहा. रोख पैसे मिळताहेत म्हणजे उपकेंद्रात नर्स नसली तरी चालतं, एसटी बंद झाली तरी चालतं, असा अर्थ कुणी तुझ्या आकड्यांतून काढेल. बाळंतपणाच्या वेळी गाडी करून खासगी दवाखान्यात जावं लागलं तर वर्षभराचे हप्ते एका रात्रीत जातात. म्हणून प्रत्येक घरी आजारपणाचा खर्चही नोंदव.

सकाळी सातच्या आत नाही तर दिवे लागणीनंतर जा, दुपारी घरात कुणी भेटत नाही. चहा दिला तर घे. बोलताना लिहीत बसू नकोस, बाहेर येऊन लिही. हप्ता जमा होण्याच्या आठवड्यात एकदा आणि महिन्याच्या शेवटी एकदा, त्याच घरी दोन्ही वेळा जा. दोन्ही खेपांना चुलीवर काय आहे ते बघ. पहिल्या गावाच्या नोंदी झाल्या की मला पाठव, आपण रकाने परत बसवू. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलीस तर निम्मी घरं कुलूपबंद असतील, तेव्हा कारखाने बंद होऊन माणसं परतली की निघ.

तुझी,
ताई