एमबीबीएसच्या मुलांना फॅमिली मेडिसिन वेगळं शिकवायची गरज आहे का? सर्दी-खोकला तर कुणीही बघतं

तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग आधी घेतो. सर्दी-खोकला कुणीही बघतं, मान्य. पण समोर बसलेल्या माणसाला सर्दी-खोकलाच झालाय हे ठरवायचं कुणी? फॅमिली मेडिसिनमध्ये, म्हणजे घरच्या डॉक्टरच्या विद्येत, तेवढंच शिकवायचं असतं आणि तेच अवघड आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 22 वर्षं दवाखाना चालवतोय. साधा एमबीबीएस. गेली काही वर्षं जवळच्या मेडिकल कॉलेजातली दोन-तीन मुलं सुट्टीत पंधरा दिवस माझ्याकडे बसायला येतात. ओळखीपाळखीतून येतात, कागदावर काही नाही. त्यामुळे पुढचं सगळं एका खेड्यातल्या डॉक्टरचं मत समजा, प्राध्यापकाचं नव्हे.

1961 साली केर व्हाइट या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका-इंग्लंडच्या माहितीवरून एक हिशोब मांडला होता. 1000 प्रौढ माणसं घेतली तर महिनाभरात त्यांतल्या 750 जणांना काही ना काही दुखतंखुपतं. 250 जण डॉक्टरकडे जातात. 9 जण भरती होतात. आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पोचतो फक्त 1. अमेरिकेत 2001 साली पुन्हा हिशोब केला तेव्हाही चित्र जवळजवळ तसंच निघालं. आकडे आपल्याकडचे नाहीत, पण माझ्या बाकड्यावरची गर्दी बघून मला ते पटतात. आपली पोरं साडेचार वर्षं त्या एका माणसावर शिकतात आणि उरलेल्या 249 जणांसमोर पदवी घेऊन बसतात.

वॉर्डातला पेशंट चाळून, निवडून आलेला असतो. केसपेपरवर निदान लिहिलेलं असतं, कॉटपाशी जायच्या आधीच सीनियरनं कानात सांगितलेलं असतं की हृदयाच्या झडपेची केस आहे, मर्मर (ठोक्यांमधला जास्तीचा आवाज) नीट ऐक. माझ्याकडे माय येते आणि म्हणते, "सायेब, आंगात लई कडकी हाय." मागच्या वर्षी एका मुलानं वहीत लिहिलं: ताप. थर्मामीटर लावलं तर 98. आता? कडकी म्हणजे तळपायाची आग असेल, लघवीची जळजळ असेल, तोंड आलं असेल, पाळी जायच्या वयातल्या उष्ण लाटा असतील, साखर वाढलेली असेल, किंवा पोरीचं लग्न मोडलेलं असेल. "जीव घाबरा व्हतोय", "डोस्कं जड पडलंय", "आंगावरून जातंय" यांचंही तसंच. हे शब्द कुठल्याच पुस्तकात नाहीत. मुंबई-पुण्याची मुलं मराठी असूनही इथे अडतात.

आमच्या भागातली पोरं वेगळ्याच ठिकाणी अडतात. लातूर पॅटर्नमधून तावूनसुलाखून आलेली असतात, हुशारीबद्दल शंकाच नाही. पण प्रश्नाखाली चार पर्याय असतात आणि त्यांतला एक बरोबर असतोच, ही सवय हाडीमाशी भिनलेली. "अजून कळलेलं नाही, तीन दिवस वाट बघू" हा पाचवा पर्याय त्यांना हार वाटतो. मी त्यांना सांगतो की वाट बघणं हासुद्धा उपचारच आहे, फक्त तो नीट करावा लागतो. तापाचं लेकरू घरी पाठवताना आईला नेमकं सांगायचं: दूध-पाणी पिणं सोडलं, सुस्त पडलं, झटका आला, श्वास जोरात चालला, तर रात्री दोनलाही यायचं. आणि ते आईकडून परत वदवून घ्यायचं. नुसतं "काही वाटलं तर या" म्हणालात, तर काय वाटायला हवं हे तिला कसं कळणार?

पहिल्या दिवशी मी स्टेथोस्कोप पिशवीत ठेवायला लावतो आणि पोरांना बाहेर बाकड्यावर तासभर बसवतो. पेशंट आपसात काय बोलतात ते नुसतं ऐकायचं. आत आल्यावर माणूस तीन वाक्यांत आटपतो, बाहेर सगळं रामायण सांगतो. आत त्याचं बोलणं आटपतं ते बहुतेक आमच्यामुळेच. पेशंट बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत त्याला तोडतो, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात 1984 साली निघालं होतं. एकदा एका मुलीनं गुपचूप मोबाइलवर माझी वेळ लावली. मी त्याहून वाईट निघालो.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला एक प्रश्न विचारायचाच: "आजच का आलात?" गुडघा सहा महिने दुखतोय, मग आजच का? उत्तर बहुधा गुडघ्याबद्दल नसतं.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, एका चुकीनं सांगतोय. एका ऊसतोड मजुराचं बीपी 170/110 निघालं. मी गोळी लिहिली, 30 दिवसांची, आणि म्हणालो, महिन्यानं दाखवायला या. तो मान हलवून गेला. दिवस दसऱ्याच्या आधीचे. महिनाभरानं तो बायकोसोबत उसाच्या फडात होता, इथून दोनशे-अडीचशे किलोमीटरवर. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, टोळी परतत नाही. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, एक दिवस काम बुडालं की टोळीचा मुकादम खाडा लावून पैसे कापतो, बीपी तपासायला कोण जाणार? चैत्रात त्याला माझ्याकडे धरून आणलं तेव्हा उजवा हात-पाय लुळा पडला होता. माझी चिठ्ठी फार्माकॉलॉजीच्या परीक्षेत पूर्ण मार्क घेऊन पास झाली असती.

तेव्हापासून माझ्याकडे येणारी पोरं बीपी-शुगरच्या प्रत्येक पेशंटला विचारतात: कोयता आहे का (म्हणजे नवरा-बायको जोडीनं ऊसतोडीला जातात का), टोळी कधी निघणार, कुठल्या कारखान्याला. त्याप्रमाणे गोळ्या किती द्यायच्या ते ठरतं. औषधाचं नाव आणि डोस मोठ्या मराठी अक्षरांत लिहून दिला जातो, म्हणजे तिकडच्या आरोग्य केंद्रात दाखवता येईल. दोघांपैकी ज्याच्याकडे फोन असतो त्याच्या फोनमध्ये त्या चिठ्ठीचा फोटो. एवढं करूनही निम्मे लोक गोळ्या सोडतात. पण निदान मला कळतं की का सोडल्या.

सलाईनचं भांडण रोजचंच. "एक बाटली लावा सायेब, तरतरी येती." पोरं एकतर पेशंटला झापतात, नाहीतर मुकाट लावतात. मी त्यांना आधी आकडेमोड करायला लावतो. अर्ध्या लिटरच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ, 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम साखर. मग हेच आजीला कळेल अशा भाषेत सांगून दाखवा. जो मुलगा "आजी, चार-पाच चमचे साखरंचं पाणी हाय ह्यात, त्यापेक्षा घरी जाऊन च्या प्या" म्हणाला आणि आजी हसली, त्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी. आजी नंतर दुसऱ्या दवाखान्यात जाऊन बाटली लावून आली, ती गोष्ट वेगळी.

आता कॉलेजांचं. बहुतेक ठिकाणी फॅमिली मेडिसिनचा स्वतंत्र विभागच नाही, ते पीएसएमच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्य शिकवणाऱ्या विभागाच्या, पोटात जातं. पीएसएम मोलाचं आहे, पण ते गाव बघतं आणि आम्ही त्या गावातला एक माणूस बघतो, तोच माणूस वीस वर्षं. 2022 पासून एनएमसीनं, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं, कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला. विद्यार्थ्यानं गावातली काही कुटुंबं पहिल्या वर्षापासून धरायची आणि त्यांच्याकडे जात राहायचं. कल्पना झकास. माझ्याकडे येणारी पोरं मात्र सांगतात की बसमधून उतरायचं, फॉर्म भरायचा, वजन-उंची-बीपी, फोटो आणि परत. घरातल्या आजीचं नाव विचारलं तर आठवत नाही. आणि खरं दुखणं असं की यातलं काहीच पीजीच्या प्रवेश परीक्षेत येत नाही. पोरांना दोष देऊन काय उपयोग, दिवसाला दहा तास अभ्यास करणारा मुलगा गुणांशिवाय त्या घरातल्या कोनाड्यातला गोळ्यांचा डबा कशाला तपासेल? माझ्या हातात असतं तर लेक्चर एकही वाढवलं नसतं. एका विद्यार्थ्याला एकाच दवाखान्यात तीन वर्षं, महिन्यातून एक दिवस बसवलं असतं, आणि तोंडी परीक्षेत विचारलं असतं: तुझ्या चार पेशंटांचं या तीन वर्षांत काय झालं ते सांग.

तुम्ही स्वतः एमबीबीएसला असाल तर विभाग निघायची वाट बघू नका. ओळखीचा कुणीही जुना जनरल प्रॅक्टिशनर गाठा. आमच्या भागात यायचं असेल तर भाद्रपद-आश्विनात या. टोळ्या निघायच्या आधी सगळे एकदम दवाखान्यात येतात, सहा महिन्यांची दुखणी एका दिवसात दाखवून घेतात. बसायला जागा मिळेलच असं नाही.