ध्यास घेता येत नाही

प्रश्न असा आहे: शाळेतल्या नोकरीसाठी मराठीतून अर्ज लिहायचा आहे, 'अध्यापन ही माझी पॅशन आहे' हे वाक्य खटकतं. मग 'पॅशन'साठी काय वापरावं? आवड, छंद, नाद, वेड की ध्यास? आणि 'मी अध्यापनाचा ध्यास घेतला आहे' असं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. कारण सांगतो, पण आधी बाकीचे चार शब्द उरकून टाकू. आवड कुणालाही कळते. छंद आता पोस्टाच्या तिकिटांपुरता आणि कुंडीतल्या झाडांपुरता उरला आहे. नाद कोल्हापूरकरांनी एवढा उंच नेऊन ठेवला आहे की तो अर्जात मावायचा नाही. वेडाबद्दल मुख्याध्यापकांचं मत काय असेल ते मी कसं सांगू? सहावा एक शब्द तुम्ही विचारलाच नाहीत, तो म्हणजे व्यसन. भर्तृहरी नीतिशतकात थोरांची लक्षणं सांगताना 'व्यसनं श्रुतौ' म्हणतो. थोर माणसाला विद्येचं व्यसन असतं. चांगला दणकट शब्द होता, दारू-तंबाखूने पळवला.

आता ध्यास. सत्काराचं एकही भाषण हल्ली 'यांनी समाजसेवेचा ध्यास घेतला' याशिवाय पूर्ण होत नाही. मानपत्रात ध्यास घेतलेला असतो, शाळेच्या माहितीपत्रकात 'गुणवत्तेचा ध्यास घेतलेली संस्था' असते, बिल्डरांनीसुद्धा तुमच्या स्वप्नातल्या घराचा ध्यास घेतलेला असतो. हा प्रयोग छापील मराठीत जागोजाग सापडतो हे मला ठाऊक आहे, त्यामुळे कात्रणं दाखवू नका. सापडतो म्हणून गोड मानून घ्यायचा असा काही नियम नाही.

मराठीत ध्यास लागतो. छंद लागतो, नाद लागतो, वेड लागतं, गोडी लागते, ओढ लागते, चटक लागते. तहान लागते, भूक लागते, उचकी लागते, ठेचही लागते. या सगळ्या वाक्यांत माणूस 'ला' लावून बाजूला बसलेला असतो आणि कर्ता दुसराच असतो. मला ध्यास लागला. मी काही केलं नाही, माझ्यावर येऊन पडलं. तुकोबा 'पडिलें वळण इंद्रियां सकळां' म्हणतात. 'मी इंद्रियांना वळण लावून घेतलं' असं म्हणत नाहीत. आमच्या भाषेने हा हिशेब फार पूर्वी चोख केलेला आहे, आणि व्यासपीठावरचे लोक तो रोज बिघडवतात.

'झोप लागते तशी झोप घेताही येतेच की', असं एका भाषातज्ज्ञाने मला ऐकवलं. येते ना. भूक घेऊन दाखवा.

भूक मी उगाच मधे आणलेली नाही. या शब्दाची खरी गंमत इथेच आहे.

ध्यास हा 'ध्यान'वरून आला असं लोक सरळ सांगून मोकळे होतात. धातू एकच, ध्यै, म्हणजे चिंतन करणे, तिथवर ठीक. पण ध्यानातला 'न' आणि ध्यासातला 'स' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. संस्कृतात एखादी क्रिया करायची इच्छा दाखवायची असेल तर धातूला 'सन्' प्रत्यय लागतो. पाणिनीचं सूत्रच आहे, 'धातोः कर्मणः समानकर्तृकादिच्छायां वा'. प्रत्यय लागला की धातूचं पहिलं अक्षर दुमडून पुढे येतं. ज्ञा, जाणणे; जाणायची इच्छा ती जिज्ञासा. पा, पिणे, प्यायची इच्छा ती पिपासा. श्रु, ऐकणे, त्याची शुश्रूषा, म्हणजे मुळात ऐकायची इच्छा. आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. तसंच ध्यै, चिंतन करणे. चिंतनाची इच्छा दिध्यासा. याच्यापुढे 'नि' लागून उपनिषदांतला निदिध्यास झाला. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो: 'आत्मा वा अरे द्रष्टव्यः श्रोतव्यो मन्तव्यो निदिध्यासितव्यः'. पाहावा, ऐकावा, मनन करावा, आणि शेवटी त्याचा निदिध्यास लागावा.

हा निदिध्यास कीर्तन-पुराणांतून मराठीत आला आणि लोकांच्या तोंडी 'निजध्यास' झाला. जुन्या ग्रंथांत 'श्रवण, मनन, निजध्यास' ही त्रयी सर्रास भेटते. 'निदि' म्हणजे काय ते कुणाला कळेना, म्हणून त्या जागी ओळखीचं 'निज' बसवलं. आता निज म्हणजे स्वतःचा. तो विशेषण वाटला, आणि विशेषण काय, काढून ठेवता येतं. ते काढल्यावर खाली राहिला तो ध्यास. म्हणजे पुढची दोन्ही अक्षरं गेली आणि शेपटाला इच्छेचा 'स' तेवढा चिकटून राहिला. ध्यान ही क्रिया आहे, ध्यास ही त्या क्रियेची भूक आहे. ध्यान संपतं, माणूस उठून चहा घेतो. ध्यास चहा घेतानाही चालू असतो.

आणि भूक? तीही याच घराण्यातली. भुज्, खाणे, खायची इच्छा ती बुभुक्षा. प्राकृतात तिचं पुढचं 'बु' झडलं, भुक्खा झाली, मराठीत भूक. म्हणजे भूक आणि ध्यास हे दोन मुंडी गेलेले सख्खे भाऊ-बहीण आहेत. एक प्राकृताच्या वाटेने स्वयंपाकघरात आली, दुसरा कीर्तनकाराच्या तोंडून देवळात. दोघंही लागतात. दोघंही घेता येत नाहीत.

मुंडी झडते यावर ज्यांचा विश्वास बसत नाही, त्यांच्यासाठी खुद्द संस्कृताचे दाखले आहेत. लिप्सा (लभ्, मिळवणे), ईप्सा (आप्, मिळवणे), शिक्षा (शक्, शकणे): या तिन्हींत पुढचं दुमडलेलं अक्षर नाहीसं झालं आहे. पाणिनी त्यासाठी सूत्र देतो, 'अत्र लोपोऽभ्यासस्य'. व्याकरणात त्या दुमडलेल्या पुढच्या भागाचं नाव 'अभ्यास' आहे. अभ्यास गेला की ध्यास उरतो. विद्यार्थ्यांनी यातून सोयीचा अर्थ काढू नये. शिवाय शिक्षा म्हणजे मुळात 'आपल्याला हे जमावं अशी इच्छा', आणि आपलं 'शिकणे' सरळ तिच्यातून आलं आहे. त्याच शब्दाला आपण छडीचा अर्थ देऊन बसलो, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

पाणिनीच्या सूत्रातला 'समानकर्तृकात्' हा शब्दही सोडू नका. इच्छा करणारा आणि क्रिया करणारा एकच हवा. तू जाणावंस अशी माझी इच्छा असेल तर ती जिज्ञासा नव्हे. उन्हाळी सुट्टीत पोराला तबल्याच्या, चित्रकलेच्या आणि बुद्धिबळाच्या क्लासला घालून 'त्याला ध्यास लागला पाहिजे' म्हणणाऱ्या आईबापांनी हे सूत्र फ्रिजवर चिकटवावं. दुसऱ्यासाठी केलेल्या इच्छेला सन् लागत नाही.

मग 'घेतला' हे क्रियापद ध्यासाला आलं कुठून? माझा संशय वशावर आहे. 'उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको.' वसा घेतात, व्रत घेतात, संन्यास घेतात. भाषण करणाऱ्याला वसा जुनाट वाटला, त्याने ध्यास उचलला आणि क्रियापद मात्र वशाचंच ठेवलं. संन्यासाशी यमकही जुळतं, ती सोय निराळीच. एका व्याख्यात्यांनी इतिहासाचार्य राजवाड्यांबद्दल बोलताना 'त्यांनी संन्यास नाही, ध्यास घेतला' असं वाक्य टाळ्यांसाठी टाकलं, आणि टाळ्या पडल्याही. राजवाडे पुढच्या रांगेत असते तर वक्त्याची खैर नव्हती. या माणसाची बायको तरुणपणीच गेली, पुन्हा लग्न केलं नाही, गावोगावची दप्तरं धुंडाळत फिरला. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि ते खंड २२ झाले. शिवाय धातूंचा आणि शब्दांचा नाद होताच. त्यांच्या कित्येक व्युत्पत्त्या आज कुणी मान्य करणार नाही, पण वाचताना झोप येत नाही. हे सगळं कुणी एके दिवशी ठरवून घेतं का? त्यांना लागलं होतं. १९२६च्या अखेरीस ते धुळ्याला वारले, आणि १९२७ साली तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. त्या मंडळाने जो घेतला, तो वसा.

हा भेद उपयोगी आहे, नुसता कोशकारांचा खेळ नाही. वसा दुसऱ्याकडे सोपवता येतो, ध्यास येत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे निरनिराळ्या पोथ्या ताडून मूळ पाठ ठरवायचं, काम १९१९ साली सुरू केलं. विष्णु सीताराम सुखठणकर केंब्रिजला गणित शिकलेले. १९२५ साली ते मुख्य संपादक झाले आणि १९४३ साली वारले तेव्हा काम अर्धवटच होतं. पुढे बेलवलकर आले, मग प. ल. वैद्य, आणि १९६६ साली आवृत्ती पुरी झाली. सुखठणकरांची पाठभेद लावायची पद्धत, त्यांचे नियम, त्यांची टाचणं पुढच्यांना मिळाली. गणित सोडून पोथ्यांकडे खेचून नेणारं जे काही होतं, ते कोणत्या कपाटात ठेवून जाणार?

अर्जाचं राहिलंच. इंग्रजी पॅशनच्याही मुळाशी लॅटिनमधलं 'सोसणं' आहे, दवाखान्यातला पेशंट त्याच कुळातला. म्हणजे तिकडेही ती मुळात घेण्याची गोष्ट नव्हती. तुम्ही 'मला शिकवायला मनापासून आवडतं' असं लिहा. ध्यास लागला आहे की नाही ते तुमच्या वर्गातली मुलं दिवाळीच्या आत सांगतील.

आता अध्यासवाद्यांकडे वळतो, कारण ते पत्रं पाठवणार हे नक्की. त्यांचं म्हणणं, वेदान्तातल्या 'अध्यास'चा आरंभीचा अ गळून ध्यास झाला. आरंभीचा अ मराठीत गळतो हे खरंच. अरण्याचं रान झालं, अरघट्टाचा रहाट झाला. पण अर्थाचं काय? शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्याच्या सुरुवातीलाच अध्यास म्हणजे काय ते सांगून ठेवतात: एकावर दुसऱ्याचा आरोप, शिंपल्यावर चांदी. ती चूक आहे, नीट पाहिलं की जाते. ध्यास नीट पाहिल्यावर वाढतो. ध्यास पुल्लिंगी आणि जिज्ञासा, पिपासा स्त्रीलिंगी, ही त्यांची दुसरी हरकत. निजध्यास पुल्लिंगीच आहे, तिथे तो प्रश्न मिटतो.

खरी अडचण त्यांच्या 'ध्य'ची आहे. जे शब्द अ गाळत प्राकृताच्या घाण्यातून आले, त्यांचा ध्य शाबूत राहत नाही. संध्येची सांज होते, वंध्येची वांझ. कीर्तनकाराच्या तोंडून उशिरा आलेल्या शब्दात ध्य टिकतो, पण तिथे अ गाळायची कुणाला घाई नसते. अध्यात्माचं 'ध्यात्म' कुणी केलेलं नाही. अ गाळण्याइतका जुना आणि ध्य राखण्याइतका नवा असा शब्द त्यांना हवा आहे. जुन्या वाटेने अध्यास आला असता तर त्याचा 'झास' झाला असता. तेव्हा पत्र लिहिण्याआधी त्यांनी कुठल्याही पोथीत, बखरीत, नाहीतर आजीच्या ओवीत एक झास शोधून दाखवावा.